चार वाजताचा उतार

आमच्या मास्तरांच्या माजघरात, भिंतीतल्या कोनाड्यात, एक जर्मन पंडित राहत होता. त्याच्या शेजारी एक इंग्रज, खालच्या फळीवर दोन फ्रेंच, आणि कोपऱ्यात जरा अंग चोरून आमच्या शुक्रवार पेठेतली अक्का. प्रत्येकाला एकेक मातीचं बोळकं दिलेलं होतं. जगाच्या पाठीवर कुठल्याही विद्वानानं आपल्या लेखात यांच्यापैकी कुणाचं नाव घेतलं आणि ते मास्तरांच्या नजरेला पडलं, की त्या माणसाच्या बोळक्यात एक चिंचोका पडायचा. कुणाचं संशोधन किती मोठं हे बोळकं हलवून पाहिलं की कळतं, असं त्यांचं म्हणणं. जर्मन पंडिताचं बोळकं हलवलं तर आवाजच यायचा नाही, इतकं ते गच्च भरलेलं होतं.

हे मास्तर आमच्या शाळेत सायन्स शिकवत आणि मी ड्रॉइंग. त्यांचं अंगण आणि माझं अंगण यांच्यात छातीएवढी एक भिंत होती, त्यामुळं शाळेत चुकवलं तरी घरी ते मला सापडायचेच. गोष्ट एकोणीसशे तीसच्या अलीकडची-पलीकडची. गिरण्यांच्या भोंग्यांवर तेव्हा सोलापूर उठायचं आणि झोपायचं, आणि सायन्स मास्तर म्हणजे मुलांना काचेच्या नळीतून फुगे काढून दाखवणारा गृहस्थ, यापलीकडं त्या विषयाबद्दल कुणाची काही समजूत नव्हती.

मास्तर कुठलाही छापील कागद शेवटून वाचत. मुंबईच्या एका ग्रंथालयात त्यांचा शाळूसोबती कामाला होता. तो शास्त्रीय मासिकांचे जुने अंक गठ्ठ्यानं रेल्वेनं पाठवी आणि मास्तर ते वाचून परत करीत. गठ्ठा आला की सुतळी सोडायची, अंक उघडायचा आणि आधी तळटिपांवर तुटून पडायचं. लेख कशावर आहे ते मागाहून, सवड मिळाली तर.

"लेखात माणूस स्वतःचं सांगतो," ते मला म्हणत. "दुसऱ्याचं काय घेतलं ते तळटिपेत सांगतो. खरा ऐवज तळाला असतो, ड्रॉइंगमास्तर."

"आमटीसारखा," मी म्हणायचो.

"अगदी बरोबर," ते म्हणत. चेष्टा केलेली त्यांना कधी कळली नाही. चेष्टा करणाऱ्याची यात केवढी निराशा होते हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं.

आमच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन सुताचे व्यापारी होते. विद्वत्तासुद्धा ते गासडीसारखी तोलत. एका गॅदरिंगला त्यांनी आमच्या भूगोलाच्या मास्तरांचा सत्कार केला, कारण भूगोलाच्या मास्तरांनी गाइडं, प्रश्नोत्तरं आणि स्तोत्रांची भाषांतरं लिहून एक ट्रंक भरली होती. ती ट्रंक दोघांनी उचलून व्यासपीठावर आणली, हार घातला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात आमचे मास्तर उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "एक शंका आहे. यांनी एवढं लिहिलं, हे दिसलं. पण यांचं नाव दुसऱ्या कुणी कुठं घेतलंय का?"

चेअरमन ट्रंकेकडं बघू लागले. दाराशी उभा असलेला आमचा शिपाई तेवढा बोलला.

"घेत्यात की, सर. परीक्षेच्या दिवशी पोरं लई घेत्यात. काय काय बोलत्यात ते हितं सांगू नये."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी भूगोलाच्या मास्तरांच्या नावानं खरोखर एक नवं बोळकं मांडलं आणि त्यात पसाभर चिंचोके टाकले. शिव्या का असेनात, नाव घेऊन दिलेल्या आहेत, तेव्हा त्या धरल्याच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. स्वतःच स्वतःचं नाव घेतलेलं मात्र ते धरत नसत. घरच्या माणसानं किंवा शिष्यानं घेतलं तर अर्धं. त्यासाठी कोनाड्यात एक अडकित्ता ठेवलेला असे, आणि ते खरोखर चिंचोका फोडून अर्धाच आत टाकत. उरलेला अर्धा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चुलीत टाकायच्या.

अक्का त्या कोनाड्यात कशी गेली हे सांगायलाच हवं. अक्का म्हणजे आमच्या बोळाच्या तोंडाशी राहणारी एकटी बाई. एकदा मास्तर आमच्याकडं जेवायला बसले असताना त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "ही शेंगाची चटणी कुणाच्या पद्धतीची?" ती म्हणाली, "अक्काच्या." झालं. मग मास्तर पेठेत जिथं जिथं जेवले तिथं तिथं त्यांनी चटणीचा उगम विचारला, आणि सगळीकडं एकच नाव. महिन्याभरात अक्कानं एका फ्रेंचाला मागं टाकलं. अक्काला हे कळलं तेव्हा ती घाबरून वहिनींकडं आली.

"माझं नाव मडक्यात कशाला घातलंय वो मास्तरांनी? काय करणी-बिरणी न्हाय न्हवं?"

"तसलं काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही लई मोठ्या हायात असं म्हणणं आहे त्यांचं."

"मग मडक्यात कशाला? तोंडानं सांगायचं की."

वर्गातही तोच प्रकार. एका मुलानं शेजारच्याची उत्तरपत्रिका उतरवून काढली. दुसऱ्या कुणी मास्तरांनी त्याला बाकावर उभा केला असता. आमच्या मास्तरांनी एवढंच विचारलं, "घेतलंस ते घेतलंस, पण नाव का नाही दिलंस?" पुढच्या खेपेला त्या गुलामानं प्रत्येक उत्तराखाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'आधार: उजवीकडचा मुलगा'. मास्तरांनी त्याचे अर्धे मार्क कापून उजवीकडच्या मुलाला दिले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "सुधारणा आहे." हेडमास्तर बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

वहिनी अक्कलकोटच्या. माहेरी कानडी आणि मराठी दोन्ही चाले, त्यामुळं त्या रागावल्या की कानडीत सुरुवात करून मराठीत संपवत. चिंचोक्यांबद्दल त्यांना काडीचाही आदर नव्हता. शेजारच्या बायका जमल्या आणि खेळायला सोंगट्या कमी पडल्या, तर त्या सरळ जर्मनाच्या बोळक्यात हात घालत. एका श्रावणात तर त्यांनी त्यातले मूठभर भाजून खाल्ले. मास्तर माझ्याकडं तक्रार घेऊन आले. "तीन वर्षांचं युरोपातलं काम," ते म्हणाले, "मिठाबरोबर!"

पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. "लग्नाला एवढी वर्षं झाली," ते म्हणायचे, "पण हिच्याकडून माझा एकही उल्लेख नाही. 'अहो', 'ऐकलंत का', 'हे', 'घरातले'. नाव म्हणून नाही."

"नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात," आतून वहिनी म्हणत. "तुम्हाला चिंचोका पाहिजे की आयुष्य?"

यावर मास्तर थोडा वेळ विचार करत. मला वाटतं, ते खरोखरच ठरवत असत.

हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला की वहिनी उखाण्यात नाव घेत, पण ते मास्तर धरत नसत. चांदीच्या ताटाचा आणि रुप्याच्या वाटीचा तो उखाणा साऱ्या पेठेत चालायचा. कुणाही नवऱ्याचं नाव त्यात बसलं असतं. "नाव हवं आणि नावाबरोबर काम हवं," ते म्हणत. "ताटवाटीत माझं काय काम आहे?"

आता त्यांच्या स्वतःच्या कामाविषयी. सबंध आयुष्यात मास्तरांनी एकच शोधनिबंध लिहिला. त्यांनी अंगणात, तुळशीवृंदावनाला लागून, झडपांची एक लाकडी पेटी उभी केली होती आणि तीत थर्मामीटर टांगला होता. उन्हाळ्यात सकाळची शाळा असे, म्हणून दुपारी ते घरी. भर दुपारपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला खोलीतून बाहेर यायचं, पारा बघायचा, आत जाऊन टिपायचं. आणि त्यात त्यांना एक चमत्कार दिसला. चैत्र-वैशाखात सगळं सोलापूर भाजून निघत असताना रोज दुपारी बरोबर चार वाजता पारा एकदम खाली यायचा आणि पाचला पुन्हा वर चढायचा. पुण्याला असं होत नव्हतं, विजापूरला होत नव्हतं. फक्त आमच्याकडं.

मास्तरांनी काही उन्हाळे ते टिपलं, मग निबंध लिहिला. सिद्धेश्वराच्या तळ्यावरून त्या वेळी एक नाजूक वारा सुटत असावा, असा त्यांचा तर्क. 'त्या घटकेस अंगणातील फरशीही पायास स्पष्टपणे थंड लागते,' असंही त्यांनी पुराव्यादाखल लिहिलं. आलेख मी काढला. तो चारचा उतार काढताना मी रेषेला असा काही झोक दिला होता की आजही त्याचा मला अभिमान वाटतो. निबंध कलकत्त्याच्या एका मासिकात छापून आला. मास्तरांनी कोनाड्यात आपलं स्वतःचं बोळकं मांडलं आणि ते वाट बघत बसले.

पुढं पुष्कळ दिवस काही झालं नाही. नंतर एक दिवस ते भिंतीवरून जवळजवळ माझ्या अंगावरच पडले. जावा बेटावरच्या एका डच गृहस्थानं, तळ्याकाठच्या गावांच्या हवेवर लिहिताना, 'शोलापूरच्या उताराचा' उल्लेख केला होता. नावासकट! त्या दिवशी वहिनींना साखरभात करावा लागला. पुढं इजिप्तमधल्या एका इंग्रजानं त्या डच माणसाचा आधार घेऊन उताराबद्दल लिहिलं. त्याच्यावरून आणखी कुणी. यांच्यापैकी एकानंही सोलापूर पाहिलं नव्हतं. पण बोळकं वाजू लागलं, आणि मास्तरांची चाल बदलली. ते रस्त्याच्या मधोमध चालू लागले. सात रस्त्याच्या चौकात टांगेवाले त्यांच्यावर ओरडायला लागले ते तेव्हापासून.

आणि मग दक्षिणेतल्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेचं पत्र आलं. हवेचा अभ्यास करणारा माणूस त्यांना हवा होता. संस्थेचे मुख्य, विज्ञानातले डॉक्टर, मुंबईहून मद्रासला जाताना सोलापूरला उतरणार होते. उतार प्रत्यक्ष बघणार, आणि मनास आलं तर मास्तरांना बरोबर यायला सांगणार.

मास्तरांना ती जागा किती हवी होती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. फुगे काढून दाखवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ज्याच्याशी ताप, वारा, बाष्प यांवर दोन शब्द बोलावेत असा माणूस त्यांना गावात नव्हता. मी होतो, पण मी आमटीवर यायचो. त्यांनी लग्नातला कोट काढून उन्हात टाकला. तिकडं बोलायला कानडीचा उपयोग होईल का, म्हणून वहिनींकडून चार वाक्यं पाठ करायला घेतली. इतकं आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटत होतं, कारण ते गेले की भिंतीपलीकडं कोण असणार होतं?

डॉक्टर यायला आठवडा-दीड आठवडा असताना वहिनी भाचीच्या लग्नासाठी अक्कलकोटला गेल्या. दुसऱ्याच दिवशी मास्तर भिंतीशी आले. चेहरा उतरलेला.

"ड्रॉइंगमास्तर, उतार गेला."

"कुठं गेला?"

"आलाच नाही. चारला पारा तिथल्या तिथं. उलट वरच."

पुढचे दिवस फार वाईट गेले. त्यांनी थर्मामीटर बदलला. पेटी उलटी करून झटकली. गिरणीच्या धुराड्यावर संशय घेतला. एका दुपारी ते तळ्यावर जाऊन, पाण्यात थर्मामीटर बुडवून बसले. तिथं म्हशी धुणारा एक माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "तळ्याला ताप आलाय काय वो?" मास्तर म्हणाले, "तेच बघतोय." घरी येऊन त्यांनी टिपून ठेवलं की हल्ली चार वाजता फरशीही पायाला अतिशय भाजते. त्यांनी स्वतःच्या हातानं हे लिहिलं, आणि तरी त्यांच्या काही लक्षात आलं नाही. विद्वान माणूस तो.

वहिनी परत आल्या त्या दिवशी मी माझ्या ओसरीवर ब्रश धूत होतो. चारला भिंतीपलीकडून आरोळी आली.

"आला! आला! उतार आला!"

मी धावलो. मास्तर पेटीसमोर अनवाणी नाचत होते. फरशी काळपट, नुकती वाळत आलेली. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या आणि, नवऱ्याला काय झालं, या चिंतेत होत्या. मास्तर नाचता नाचता त्यांच्याकडं वळले. मग त्यांनी बादलीकडं पाहिलं. मग फरशीकडं. नाच हळूहळू थांबला.

"हे काय आहे?"

"बादली."

"ते दिसतंय. पाणी?"

"टाकलं की. रोज टाकते."

"रोज? केव्हा?"

"चारच्या आधी. तीनपर्यंत लिंबाची सावली असते हितं. नंतर ऊन फिरतं आणि फरशी नुसती तव्यागत होते. तुम्ही चारला अनवाणी येता. तुळशीपाशी चपला कशा चालतील? पहिल्या वर्षी पायाला फोड आले होते तुमच्या, विसरलात की काय? तेव्हापासून टाकते."

"मला सांगितलं नाहीस कधी!"

"अय्यो, पाणी टाकलं हे काय सांगायचं असतं?"

मास्तर वृंदावनाच्या कट्ट्यावर बसले. वाळत आलेल्या फरशीवर त्यांनी पाऊल टेकवून पाहिलं. शेवटी माझ्याकडं बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आणि तो जावाचा माणूस?"

मला हसू आवरेना आणि रडूही येईना, अशी माझी अवस्था. या बाईनं नवऱ्याच्या पायांसाठी टाकलेल्या बादलीभर पाण्यानं जावा आणि इजिप्तमधले विद्वान भिजवले होते.

डॉक्टर यायला दोन दिवस होते. मी मास्तरांना स्पष्टच सांगितलं, "गप्प बसा. वहिनी पाणी टाकतील, उतार येईल, डॉक्टर बघतील, तुम्ही जाल. तिकडं गेल्यावर दुसरा काही तरी खराखुरा शोध लावा."

"मी मागच्या दारानं टाकते की," वहिनीही म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांना फार वाईट वाटत होतं. "कुणाला कळतंय?"

मास्तर पेटीची झडप उघडबंद करत बसले. पण डॉक्टर येणार त्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींना बजावलं, "आज अंगणात पाणी टाकायचं नाही. थेंबसुद्धा नाही." म्हणजे उतार येणार नाही, डॉक्टर निराश होऊन जातील, आणि आपल्याला तोंडानं काही सांगावं लागणार नाही, अशी त्यांची योजना. धीट माणसाची नव्हती, पण प्रामाणिक माणसाची होती.

दुपारी टांगा आला. टांगेवाला दारातूनच ओरडला, "मास्टरसाब! ये साब आपकाच घर पूछ रहे!" डॉक्टर चांगले उंच, मद्रासी फेटा, काळेभोर बूट, आणि स्वभावानं मोकळे. पन्हं प्याले, बोळकी हलवून बघितली, अक्काची हकीकत ऐकून मनापासून हसले. आमच्यासारखं नाही, समजून हसले. मास्तर त्यांच्याशी बोलताना मी पाहत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना बरोबरीचा माणूस भेटला होता. वारा, बाष्प, पारा. चहा निवून गेला तरी दोघांचं लक्ष नव्हतं.

चार वाजत आले. सगळे अंगणाकडं निघाले. तुळस दिसली तशी डॉक्टरांनी न सांगता बूट काढले, मोजे काढले, आणि मोठ्या उत्साहानं फरशीवर पाऊल टाकलं.

विज्ञानसंस्थेचा मुख्य माणूस मी असा उडालेला कधी पाहिला नाही. एक पाय वर, मग दुसरा, मग कुठला खाली ठेवावा ते कळेना. तोंडानं मद्रासी भाषेत काही तरी चाललेलं. मास्तर गोंधळून नुसते उभे. आणि स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी हे पाहिलं. घरी आलेल्या पाहुण्याचे पाय भाजताहेत! नवऱ्याचं बजावणं, शास्त्र, नोकरी, सगळं त्या विसरल्या. बादली उचलली, बाहेर आल्या, आणि भसकन सगळी बादली फरशीवर ओतली. मग दुसरी आणली. डॉक्टर हुश्श करून उभे राहिले.

वाफ निघाली. फरशी निवली. आणि थोड्या वेळानं पेटीत पारा हलला.

डॉक्टरांचं लक्ष पायांत होतं, पाणी आलं ते पायांसाठी एवढंच त्यांना कळलं. पाणी तापल्या फरशीवर बघता बघता वाळून गेलं. त्यांनी पेटीत डोकं घातलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा डोकं घातलं, आणि ओरडले, "उत्तम! अगदी तुम्ही लिहिलंय तसाच!" त्यांनी मास्तरांचा हात धरला. "अभिनंदन. तुम्ही केव्हा येऊ शकाल?"

मी मास्तरांकडं पाहिलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, जे जे हलवता येतं त्या सगळ्यानं त्यांना सांगत होतो, गप्प बसा. काही करायचं नव्हतं. उतार आपणहून चालून आला होता. दारात वहिनी रिकामी बादली घेऊन थिजल्या होत्या.

मास्तरांनी हात सोडवून घेतला. घसा खाकरला.

"साहेब," ते इंग्रजीत म्हणाले, "हा उतार हवेचा नाही. हिचा आहे." आणि त्यांनी वहिनींकडं बोट केलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लिंबाची सावली, ऊन, फोड, बादली. डॉक्टर आधी काही समजले नाहीत, मग समजले, मग कट्ट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसणं थांबल्यावर मात्र ते उठले आणि वहिनींना वाकून नमस्कार केला. वहिनींनी पदर सावरत मला विचारलं, "काय म्हणताहेत हो ते?" मी त्यांच्या हातातली रिकामी बादली घेतली.

बूट घालताना डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "हेही लिहा." नोकरीचं ते काही बोलले नाहीत. टांगा गेला. लग्नातला कोट पुन्हा ट्रंकेत गेला.

मास्तरांनी लिहिलं. अर्ध्या पानाची दुरुस्ती. 'शोलापूरचा उतार हा वातावरणाचा नसून प्रस्तुत लेखकाच्या पत्नीने लेखकाचे पाय भाजू नयेत म्हणून शिंपडलेल्या पाण्याचा परिणाम आहे.' कलकत्त्याच्या मासिकानं ती अगदी शेवटच्या पानावर, बारीक टायपात छापली. मास्तरांनी दुरुस्तीसाठी वेगळं बोळकं मांडलं.

जुन्या निबंधाचं नाव पुढंही निघत राहिलं. कधी ब्राझीलमधून, कधी आणखी कुठून. उतार सुटा झाला होता, त्याला आता सोलापूरची गरज उरली नव्हती. ते चिंचोके मास्तर आपल्या बोळक्यात टाकत नसत, वहिनींना खेळायला देत. दुरुस्तीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. दर गठ्ठ्यात ते शोधत. तळटिपा आधी, मग लेखही, मग जाहिरातीसुद्धा. नवं बोळकं रिकामं ते रिकामंच. त्याबद्दल मी एकदाही चेष्टा केली नाही. इतकं भान मला होतं.

नंतरच्या एका चैत्रात त्यांच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आत पेठेतल्या बायका, आंब्याची डाळ, पन्हं. बाहेर ओसरीवर आम्ही दोघं पुरुष, डाळीची वाट बघत बसलेलो. आत नाव घेण्याचा आग्रह चालला होता. अक्काचा आवाज सगळ्यांत मोठा. "घ्या की वो वहिनी. तीच ताटवाटी नगा आणू पर."

मास्तरांनी कान टवकारले. मग वहिनींचा आवाज आला, जरा कापरा, पण स्पष्ट.

"चैत्राच्या उन्हात सडा घातला, पाय भाजू नयेत म्हणून,
अमुकरावांनी जगाला कळवलं, मीच चुकलो म्हणून."

'अमुक' मी इथं घातलंय. त्यांनी खरं नाव घेतलं, सबंध, कुठंही न अडखळता. मी या लेखात मास्तरांचं नाव कुठंच घेतलेलं नाही ते त्यासाठीच. ज्या माणसानं ते घ्यायला हवं होतं त्यानं घेतलं, आता दुसऱ्या कुणी त्यात भर घालायचं कारण नाही.

आत बायका हसत होत्या. मास्तर उठले, माजघरात गेले. मी दारातून पाहत होतो. त्यांनी नव्या बोळक्यापाशी उभं राहून एक चिंचोका घेतला.

"घरच्या माणसाचा उल्लेख," मी म्हटलं. माझ्यानं राहवलं नाही. "अर्धा धरायचा ना?"

नियम त्यांचाच होता. त्यांनी अडकित्ता उचलला, चिंचोका पात्यांत धरला आणि तसेच उभे राहिले. मग अडकित्ता मिटून कोनाड्यात ठेवला, आणि चिंचोका अख्खाच्या अख्खा बोळक्यात टाकला. रिकाम्या बोळक्यात तो पडल्याचा आवाज आतल्या बायकांनासुद्धा ऐकू गेला.